घडीतली ओळ

रेबोला गावात प्राक्सेदेसबाईंच्या वडिलांचा कागद ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. वडील, लिओन्सिओ, टपाल कचेरीत कारकून होते. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारने १९५२ साली त्यांना ‘सुधारलेला माणूस’, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीचा, ठरवून तसा दाखला दिला आणि बाकी गावाला मना असलेलं ऑलिव्हचं तेल त्यांच्या घरात राजरोस येऊ लागलं. राज्य गेलं, पण त्या तेलाचा तोरा बाईंनी ऐंशी वर्षांच्या झाल्या तरी सोडला नाही. शेजारी पामतेलातली अळूची भाजी शिजली की यांनी नाक मुरडलंच.

कागद चौकटीत बसवताना मात्र त्यांनी त्याची खालची चार बोटांची पट्टी आत दुमडली होती.

शाळेत जुन्या दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं. फेर्मिना मास्तरीण फोटो काढायला घरी आली.

“आजी, काच चमकतेय. कागद बाहेर काढू या?”

“काही गरज नाही. आहे तसा काढ.”

“काढू दे की गं,” ओसरीवरून एस्कोलास्तिका म्हणाली. “तुझा बाप काय पळून जातोय?”

एस्कोलास्तिका तीन घरं पलीकडे राहायची. बाप तिचाही तोच, आई वेगळी. तिची आई तोंडाची फटकळ, म्हणून लिओन्सिओने मायलेकींना घराबाहेर काढलं, असं गाव म्हणायचं आणि तीही तेच मानायची. खरं काय ते एकट्या प्राक्सेदेसबाईंना माहीत होतं. सत्तर वर्षं त्या गप्प राहिल्या. याला भित्रेपणा नाही तर काय म्हणायचं?

“आमच्या मातोश्रींनी जीभ आवरली असती,” एस्कोलास्तिका हसत मास्तरणीला सांगू लागली, “तर मीही ते तेल चाखलं असतं.”

प्राक्सेदेसबाईंना ते हसणं सहन होईना. त्यांनी चौकट उलटी केली, खिळे काढले, घडी उलगडली. तिथली स्पॅनिश ओळ त्यांनी सावकाश, गावच्या बुबी भाषेत सांगितली. “अर्जदाराने दुसऱ्या बाईला आणि तिच्या मुलीला घरातून दूर केलं आहे. सबब तो दाखल्यास पात्र आहे.”

एस्कोलास्तिका आत आली. “म्हणजे जिभेमुळे नाही?”

“नाही. सरकारला चर्चमध्ये लग्न लागलेली एकच बायको चालायची. चर्चमधली माझी आई होती.”

“आणि माझी दुसरी कशी गं? रीतीने लग्न होऊन आधी तीच आली त्या घरात. मी तीन वर्षांनी मोठी तुझ्याहून.”

“तेच तर. सगळं उलटं लिहिलंय. मला ठाऊक होतं, आणि मी दुमडून ठेवलं. मला माझी लाज वाटते.”

फेर्मिनाने कॅमेरा खाली ठेवला. एस्कोलास्तिका खाली बसली.

“मी तिला मरेपर्यंत बोल लावले. शेवटच्या आजारातही म्हटलं, तुझ्या तोंडापायी माझी शाळा सुटली. ती नुसती भिंतीकडे वळली.”

प्राक्सेदेसबाई रडू लागल्या.

मग एस्कोलास्तिका म्हणाली, “पोरी, कागद असाच लाव, उघडा. आणि प्राक्सेदेस, उद्या आईच्या थडग्यावर चल माझ्याबरोबर. तिला हे वाचून दाखवायचंय, आणि मला वाचता येत नाही.”

प्राक्सेदेसबाईंनी डोळे पुसले, कागद हातात घेतला आणि चपला शोधू लागल्या.

“उद्या कशाला?” त्या म्हणाल्या. “आत्ताच चल.”