बाळाचा माठ

मे महिन्यात धुळ्याहून धरणगावला जाताना एसटीत माझं चार महिन्यांचं बाळ रडायला लागलं. त्याला पाणी पाजायला मी चमचा काढला, तर शेजारच्या अनोळखी अक्कांनी तो हिसकावून आपल्या पिशवीत, स्वतःला ऊन लागू नये म्हणून बाळगलेल्या कांद्याशेजारी टाकला.

“त्याले पानी नको दिऊ. तू पे! त्याना माठ तूच शेस.”

मग पदराचा आडोसा धरून त्यांनी मला सारखं बाळाला पाजायला लावलं आणि माझ्या गळ्याकडे रोखून बघत दोन बाटल्या पाणी प्यायला लावलं.

शेवटी अक्कांनी मांडीवर घेतलेल्या बाळाने त्यांचं लुगडं भिजवलं. त्या बसभर ओरडल्या, “मुतना! आते काळजी नही!”

सगळी बस निर्धास्त झाली. दोन बाटल्या पोटात घेऊन बसलेली मी सोडून.