चार अंशांची चूक

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या दादाला घरी बियर करायचा भारी नाद. आंबताना यीस्टला वीस अंशांपुढची ऊब सोसत नाही, म्हणून तो बियरचं पिंप पाण्याच्या टबात ठेवायचा आणि पारा चढला की टबात बर्फाच्या बाटल्या सोडायचा. एकदा बाहेरगावी जाताना त्याने हे काम धाकट्या भावावर सोपवलं. परतला तर ऊब जास्त झाल्याने बियरला नेलपॉलिशसारखा वास!

"एवढंसं काम जमलं नाही? जन्मभर असाच बिनकामाचा राहणार तू!" घरी आलेल्या पाहुण्यांदेखत दादा कडाडला.

"दर तासाला थर्मामीटर बघत होतो रे," एवढंच बोलून भाऊ निघून गेला. पुन्हा तो त्या घराची पायरी चढला नाही. दादाचंही बियरवरून मन उडालं.

पाच वर्षांनी हौसेने पुन्हा उचल खाल्ली. दादाने नवा थर्मामीटर आणला आणि सहज जुन्याशेजारी पाण्यात बुडवला. जुना चार अंश कमी दाखवत होता. म्हणजे भावाला वीस दिसत होते तेव्हा खरे चोवीस होते. त्याने लगोलग भावाला फोन करून सगळं सांगितलं.

"थर्मामीटर बिघडला होता, मान्य," भाऊ शांतपणे म्हणाला. "पण जीभ तर तुझीच होती ना, दादा?"

दादा 'चुकलो' म्हणायला शब्द जुळवेपर्यंत वहिनीची खुशाली विचारून भावाने फोन ठेवलाही होता.