टँकरचा फोटो

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी नांदेडच्या एका दैनिकात बातमीदार होते. कचेरीत बाई मी एकटीच. पावसानं दगा दिला होता आणि त्यातच निवडणूक लागली. संपादकांनी मला चाकूरकडच्या एका गावी प्रचारसभेला पाठवलं.

एसटीतून उतरले तेव्हा ऊन रणरणत होतं. पारासमोर मांडव, शेजारी पक्षाचा झेंडा लावलेला पाण्याचा टँकर आणि हंडे घेऊन मातीत बसलेल्या बायका.

"भाषण झाल्याबिगर पाणी सोडत न्हाईत," त्यांच्यातली एक पोक्त बाई मला म्हणाली. "सकाळधरनं बसून राहिलो."

मी कॅमेरा काढला. टँकर, झेंडा आणि त्या बायका एका फोटोत घेतल्या.

लगेच तिघे कार्यकर्ते आले. "कशाचा फोटो काढून राहिल्या, बाई?"

मी पेपरातून आल्याचं सांगितलं.

"एकट्याच?" एकानं विचारलं आणि बाकीचे हसले. त्यानं कॅमेरा हिसकावला, झाकण उघडून रीळ उन्हात ओढून काढलं. "चला, जीपमध्ये बसा. साहेबांशीच बोला." माझं मनगट त्याच्या मुठीत होतं. मांडवातले पुरुष बघत होते.

ती पोक्त बाई उठली. "सोड तिला! माझ्या बहिणीची लेक हाय ती. बाईमाणसाला हात लावतोस व्हय रे?"

तिच्या मागोमाग आणखी चार-पाचजणी उभ्या राहिल्या. हात सुटला. कॅमेरा माझ्या अंगावर फेकून ते निघून गेले.

मावशी मला फाट्यापर्यंत घेऊन आल्या. मागं कर्ण्यावरचं भाषण थांबलं, मग टँकरपाशी बायकांचा कालवा ऐकू आला.

"मावशी, तुमचा नंबर जाईल."

"जाऊ दे. तू गाडीत बसल्याबिगर मी हलत न्हाई."

गाडी आली तेव्हा त्यांच्या कमरेवर रिकामाच हंडा होता.

घरी मी काही बोलले नाही. घरच्यांनी नोकरी सोडायला लावली असती. संपादकांना मात्र सगळं सांगितलं, बातमीही लिहून दिली. त्यांनी ती छापली, माझं नाव काढून. "तुझ्याच भल्यासाठी," ते म्हणाले. "आता निवडणूक संपेस्तोवर कचेरीत टेबलावरच बस."

मी भांडले. शेवटी मतदानाच्या दिवशी मला देगलूरला पाठवलं, सोबत एक पुरुष सहकारी देऊन. मी प्रश्न विचारायची आणि लोक उत्तर त्याला द्यायचे.

बातमीनंतर त्या गावात मावशींना कुणी काही केलं का, हे मला कधीच कळलं नाही. अनेकदा जावंसं वाटलं. पण मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं; घर विचारत गेले असते, तर मी कुणाची भाची नाही, हे गावाला कळलं असतं. मी गेले नाही.