हिमयुगापायी राहिलेली हुग्गी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी लपवत नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन पुण्याहून परतलो, तेव्हा आप्पांनी खडेबाजारातून पेढे आणून गल्लीभर वाटले. पण सोयरीक जुळवताना त्या पदवीला कुणी विचारीना. दोन घरांतून नकार आला. "दगडं शिकल्याला जावई तंबाखू कसा लावणार?" असं एकाने तोंडावर विचारलं. म्हणून निपाणीजवळच्या तिसऱ्या घरी मुलगी बघायला जाताना आप्पांनी मोटारीतच बजावलं, "हितं तरी गप बस रं. इचारलं तेवढंच सांग."

मी तेवढंच सांगितलं. विचारणारेच थांबेनात, त्याला मी काय करणार?

आम्ही जैन, तेही जैन. दिवस बुडाला की तोंडात घास घालायचा नाही. म्हणून दुपारी मुलगी बघायची आणि उजेड आहे तोवर हुग्गी जेवून घ्यायची, असं ठरलं होतं. खपली गव्हाची ती खीर शिजत असल्याचा वास सोप्यापर्यंत येत होता. मुलीने चुरमुरे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा असलेली ताटली पुढे ठेवली, क्षणभर सरळ माझ्याकडे बघितलं आणि बसली. इथून नकार येऊ नये, असं मला तेव्हाच वाटलं.

तिचे वडील तंबाखूचे व्यापारी. त्यांनी विचारलं, "कॉलेजात काय शिकलासा?"

"हिमयुगं."

"म्हंजे?"

म्हटलं, पृथ्वीचा कल आणि तिचा सूर्याभोवतीचा फेरा हळूहळू जरासा बदलतो. उत्तरेकडचे उन्हाळे थंड पडतात. हिवाळ्यातला बर्फ वितळायचा राहतो, त्यावर पुढल्या सालचा चढतो. असं हजारो वर्षं चाललं की मुलखाचे मुलूख मैलमैल जाड बर्फाखाली जातात.

"निपाणीत आलता?"

"निपाणीत नाही आला."

"मग आपल्याकडं आलाच न्हाय, त्यो शिकाय पुण्याला गेलतासा?"

आप्पा खोकले. मला मात्र ते लागलं. मी ताटलीतला गुळाचा खडा उचलला, त्याच्या बुडाला शेंगदाणे चिकटवले आणि चुरमुऱ्यांतून दाबत पुढे ढकलला. "हा बर्फ. स्वतःच्या वजनानं सरकतो. बुडाशी अडकलेले दगड खडकावर असे ओरखडे काढतात. दऱ्या खरवडतो, पुढ्यात मातीचा असा बांध रचतो. वितळून मागं हटला की खड्ड्यांत तळी साठतात. इतकं पाणी बर्फात अडकतं की तेवढ्या काळात समुद्रसुद्धा खाली उतरतो."

व्यापारी गादीवरून खाली सरकले. "परत ढकला बघू." मग स्वतःच ढकलू लागले. "आणि ह्यो बर्फ एकदाच आलता?"

"पुष्कळदा. येतो, जातो."

"आपल्या शास्त्रातबी काळाचं चाक वर-खाली फिरतंय की!"

आप्पा म्हणाले, "हातपाय धुवूया का?"

"थांबा वो पावणं!"

तेवढ्यात मुलीने तोंड उघडलं. "मग त्यो परत येणार व्हय?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा माणूस शिकलेला नव्हे. मी मांडी बदलून सुरुवात केली. सध्या आपण दोन हिमयुगांच्या मधल्या उबेत आहोत, इथपर्यंत आलो असेन, तोच आतून तिच्या आईचा आवाज आला, "अवो, दिवस बुडाला की!"

व्यापाऱ्यांनी दाराबाहेर बघितलं. सूर्याने फसवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांच्या घरात पाहुणा उपाशी राहण्याची ती पहिलीच वेळ. सकाळी जेवल्याशिवाय ते सोडेनात, म्हणून आम्ही तिथेच अंथरूण टाकलं. आप्पा एवढंच म्हणाले, "मैलभर बर्फ वितळंल, पर तुझं त्वांड मिटायचं न्हाय." तिसरा नकार ठरलेलाच होता.

शिळं आमच्यात चालत नाही. कालची हुग्गी गुरांना गेली, आणि त्या माउलीने सकाळी उठून पुन्हा नवी शिजवली. वाढताना डावाचे आवाज असे येत होते की मी मान वर केली नाही. मग ती आप्पांपुढे उभी राहिली.

"आमच्या ह्येंनी आजवर कुणाचं बोलणं पुरतं ऐकल्यालं न्हाय. माझं तर न्हायच. काल दिवस बुडस्तोर गप बसून ऐकलं. पोरगी ह्याच घरात द्यायची."

"आगं, मी त्येच म्हणणार हुतो, की..."

"तुमी जेवा."

ते जेवू लागले.