कोणी कोणाला सांगायचं नाही

पुढारी नाहीसे झाले तर जगाचं सगळं सुरळीत चालेल, यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा मावसभाऊ निघाला. जव्हारच्या कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवतो आणि गेली कित्येक वर्षं एका पीएचडीच्या मागे आहे. विषय असा, की पुष्कळ यंत्रांचं कोणाच्याही हुकमाशिवाय एकमत कसं घडवायचं. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याकडे बघायचं आणि त्याच्या बाजूला थोडं सरकायचं. हळूहळू सगळे एका जागी येतात. यंत्रं येत असतील. हा स्वतःही तसाच जगतो. हॉटेलात उजवीकडचा मिसळ खातोय आणि डावीकडचा इडली, म्हणून हा मिसळीत इडली बुडवून खातो. एकदा दाभोश्याच्या धबधब्याला जाताना त्याने जीपच्या स्टँडवर लोकांना हे तत्त्व समजावलं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. आणि सगळे एकमेकांकडे बघत बाहेरच उभे. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुमचा समदा बरोबर हाय, पन कुनीतरी पयला बसाय पायजे ना."

त्याच संस्थेच्या मोखाड्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई त्याला आवडत. बाईंनाही तो आवडे, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण लग्नाचं विचारणं म्हणजे हुकूम सोडण्यासारखंच, असं याचं मत. त्याऐवजी त्याने गुपचूप मोखाड्याला बदली मागितली. बाईंनी हे तत्त्व वर्षानुवर्षं ऐकलेलं. त्यांनीही गुपचूप जव्हारला मागितली. संस्थेने उदार मनाने दोन्ही मंजूर केल्या. जूनमध्ये हा तिकडे, त्या इकडे.

"पाऊल मोठं पडलं, दादा," तो म्हणाला. "दोघांनी अर्धंच सरकायला हवं होतं."

"अर्ध्या वाटेवर सागाची झाडं आहेत," मी म्हटलं, "कॉलेज नाही."

तो हसला नाही. पुन्हा दोघांनी बदली मागितली तर पुन्हा अदलाबदल, दोघे थांबले तर जन्मभर हेच अंतर. बाई कायमच्या दुरावतील या धास्तीने त्याचा चेहरा पार उतरला होता. मला त्याची खरंच दया आली.

शेवटी बाईंनीच फोन केला. "सर, आता तुम्ही हलू नका. पुढच्या जूनला मी येते. मग लग्न करू."

दिवाळीला त्याला जव्हारला घरी बोलावलं, तर आला नाही. फोनवर हळूच म्हणाला, "दादा, त्यांनी हलू नका म्हटलंय." मी हसायला लागलो आणि मधेच थांबलो. उभ्या जन्मात तो पहिल्यांदा कोणाचा तरी हुकूम पाळत होता, आणि त्याच्या आवाजात इतकं सुख मी कधी ऐकलं नव्हतं. आमची दिवाळी त्याच्यावाचून सुनीसुनीच गेली. त्याच्या वाटणीचा फराळ बाई मोखाड्याला घेऊन गेल्या.