शेवटची दोन मिनिटं

तुमच्या या आजीच्या शिस्तीचे किस्से तुमचा बाबा तुम्हाला फोनवर सांगत असतो. हा मात्र त्याने सांगितला नसणार.

तो इंजिनिअरिंगला होता, तेव्हाचा. माणिकपूरच्या आमच्या घरात केबल नुकतीच आली होती आणि तिच्यावरून अमेरिकेतलं व्यावसायिक बास्केटबॉल घरात शिरलं. तिथे रात्र, इथे आमची सकाळच्या चहाची वेळ. नोव्हेंबरपासून साखळी सामने, उन्हाळ्यात बाद फेऱ्या आणि जूनमध्ये दोन संघांची अंतिम लढत. सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो विजेता. सुरुवातीला मी नाकं मुरडली. फेब्रुवारीत मी निकालांची वही सुरू केली.

त्या जूनमध्ये बाबाचा लाडका संघ तीन सामने जिंकला होता. चौथा जिंकायची संधी होती, नेमकी त्याच सकाळी बाबाची तोंडी परीक्षा.

"आई, रेकॉर्ड करून ठेव. आणि मी बघेपर्यंत कोण जिंकलं ते मला कळता कामा नये. तुझ्या चेहऱ्यावरूनसुद्धा नाही."

"माझ्या चेहऱ्यावरून तुझ्या वडिलांना पंचवीस वर्षांत काही कळलेलं नाही," मी म्हटलं.

घरात कॅसेट एकच. तिच्या सुरुवातीला तुमच्या आत्याचा साखरपुडा, आणि तो पुसायचा नाही हा माझा नियम. उरले अडीच तास. मी रिमोट घेऊन बसले. जाहिरात आली की रेकॉर्डिंग थांबवायचं, संपली की सुरू. पडद्यावर दोन मिनिटं बाकी दिसली तेव्हा कॅसेट बारा मिनिटांची उरली होती. माझा हिशोब चोख! निश्चिंत मनाने मी रिमोट ठेवला आणि उठून कुकर लावला.

इतके महिने बघूनही एक गोष्ट मी वहीत टिपली नव्हती. शिट्टी वाजली की त्या खेळातलं घड्याळ थांबतं, आणि शेवटी शेवटी ती सारखी वाजतच राहते. अकरा सेकंद उरले, बाबाचा संघ एका गुणाने मागे, आणि कॅसेट खट्कन थांबली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. रेकॉर्ड काही झालं नाही.

संध्याकाळी तो स्टेशनपासून कानांत कापूस घालून आला. जेवणसुद्धा टीव्हीपुढे. आणि मग खट्.

"आई?"

"कॅसेट संपली."

"आई!"

"उद्या पेपरात येईलच," आजोबा म्हणाले. बाबाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चष्मा पुसू लागले.

"मी सांगते ना," मी म्हटलं.

"सांगू नको. दाखव."

पापडी गावच्या बाजारातून आणलेली वेताची टोपली कपाटावर चढली. सोफ्यावरची उशी झाली चेंडू.

"मी काय करू?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही माझ्या आडवे या."

"ते जमेल."

बाबा सेकंद मोजू लागला. मी साडीचा पदर खोचला, आजोबांना डावीकडे हूल दिली, उजवीकडून निघाले. "तीन... दोन..." मी उडी मारून उशी फेकली. ती पंख्याला लागून सोफ्यामागे पडली.

बाबाने डोकं धरलं. "हरलो!"

"अरे, हरलो काय! त्या खेळाडूचा चेंडू जाळीत गेला. माझा नाही गेला."

मग सोफ्यामागून उशी काढून त्याने माझ्या हातात दिली. "मग नीट दाखव ना."

नवव्या खेपेला उशी टोपलीत पडली, तेव्हा कुठे तो नाचला.