मुलाखतीला नेलेला बर्फ

बुद्धप्रियाला नोकरी मिळाली नाही, ही बातमी आता जुनी झाली. त्या दिवसाबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

ती माझ्याहून मोठी, पण मैत्रीण. आमची घरं एकाच गल्लीत. तिचे वडील, ईश्वरकाका, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सोलापुरात आले. मी मराठी घेऊन बी.ए. झाले; ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी., वर बी.एड. एका खाजगी शाळेत ती तासिकेवर विज्ञान शिकवायची. तासिकेवर म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचा पगार. उन्हाळ्यात काम संपायचं, जूनमध्ये हेडसर पुन्हा फोन करायचे. मधल्या काळात ती नवी पेठेत एका कापडदुकानात बिलं करायची. तिचेच विद्यार्थी तिथं आईबरोबर गणवेश घ्यायला यायचे.

"म्याडम, तुमी हितं?"

"सुट्टी आहे की मला," ती म्हणायची.

यंदा त्याच शाळेत विज्ञानाची कायमची जागा निघाली. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. मुलाखतीत संस्थेच्या मंडळींसमोर एक पाठ घ्यायचा होता. तिनं विषय निवडला : बर्फ पाण्यावर का तरंगतो.

"एवढं सोपं?" मी म्हटलं.

"विचार कुणालाही. 'हलका असतो म्हणून' सांगतील. का हलका? तिथं सगळे गप्प."

मे महिना होता. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात गोठलेल्या खोबरेल तेलाची डबी, आणि एका काचेच्या बरणीत पातळ तेल. सामान धरायला मी बरोबर गेले. शाळेत पोचल्यावर तिनं शिपाई सिद्धारामला थर्मास उघडून कौतुकानं दाखवला. इतक्या वर्षांची ओळख होती.

व्हरांड्यात उमेदवार बसले होते. मंगळवेढ्याचा ऋतुराज म्हणाला, "मॅडम, मुलाखतीला आलाय का सरबताची गाडी लावायला?" ती हसली. त्यानं उठून तिला आपली खुर्ची दिली.

दुपार झाली. लाईट गेलेली. सिद्धाराम तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"म्याडम, फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालंय. साहेबांस्नी लिंबूसरबत पायजे. तुमच्याकडं हाय न्हवं?"

"देऊ नकोस," मी म्हटलं.

"नाही म्हटलं तर आत जायच्या आधीच जाईन की मी बाहेर." तिनं डबी काढून घेतली आणि थर्मास त्याच्या हातात दिला. तो रिकामा होऊन परत आला.

लगेच तिचं नाव पुकारलं. पंखे बंद, म्हणून दार उघडंच होतं. मला सगळं दिसत होतं. टेबलावर सरबताचे ग्लास. त्यात तिचा बर्फ.

ती डगमगली नाही. तेलाचा घट्ट गोळा तिनं बरणीतल्या पातळ तेलात सोडला. तो बुडाला. "बहुतेक पदार्थांचं असंच होतं," ती म्हणाली. रुमालानं हात पुसले. चेअरमन पृथ्वीराजसाहेब फोनवर बोलत होते, त्यांचा ग्लास तसाच भरलेला होता. "साहेब, जरा घेते हं," म्हणत तिनं तो उचलून सगळ्यांना दाखवला.

"बर्फ मात्र वर. मी पोरांना त्यांचंच उदाहरण देते. शाळा सुटताना दारात सगळी एकमेकांना चिकटून ढकलत असतात. अख्खा वर्ग एवढ्याशा जागेत मावतो. ते पाणी. कवायतीला तीच पोरं हात लांब करून अंतर घेतात. पोरं तेवढीच, मैदान जास्त लागतं. गोठताना पाण्याचे रेणू असेच अंतर राखून उभे राहतात, मध्ये मोकळी जागा सुटते. वजन तेवढंच, जागा जास्त. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका. तेल गोठताना उलट आणखी दाटतं."

एक सदस्य म्हणाले, "आम्हाला असं कुणी शिकवलं नाही."

तिनं ग्लास परत जागेवर ठेवला. चेअरमननी फोन बंद केला आणि ग्लासाकडे बघितलं. तिच्याकडे नाही.

"सिद्धाराम, हा ने. दुसरा आण."

"बर्फ संपला साहेब."

"बिनबर्फाचा आण."

ज्यांनी कौतुक केलं होतं, ते समोरचे कागद जुळवू लागले. "या तुम्ही," चेअरमन म्हणाले.

फाटकाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "माझ्या हाताला तेल होतं. तेलकट ग्लास कोण तोंडाला लावेल?"

"तू हात पुसले होतेस. मी बघितलं."

"तू लांब होतीस. तुला काय दिसणार?"

ती भरभर पुढं चालू लागली.

जागा ऋतुराजला मिळाली. तो वाईट मुलगा नाही. चेअरमनच्या साडूचा मुलगा आहे, एवढंच त्यानं व्हरांड्यात सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये हेडसरांचा फोन आला तेव्हा मी तिच्याच घरी होते. तासिका चालू ठेवा, म्हणाले. आणि ऋतुराजसर नवीन आहेत, तो बर्फाचा पाठ त्यांना एकदा वर्गात घेऊन दाखवा.

"हो सर," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "हो म्हणालीस?"

"मग काय करू? बारा महिने बिलं करू?" तिनं फोन उलटा ठेवला. "दाखवीन की. पोरांनी काय केलंय माझं?"

आतून तिच्या आईनं, शालनकाकूंनी, विचारलं, कुणाचा फोन होता.

"ग्लास मात्र घरचा नेईन," ती म्हणाली.